पट्टी उतरली, लय नाही

नोएडातील त्या गृहसंकुलात महाराष्ट्रीय कुटुंबे मोजकीच. तरीही दिवाळीच्या पहाटे खालच्या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम करायचे ठरले, तेव्हा सगळ्यांनी आजींचेच नाव सुचवले. आजींनी गाणे निवडले, ‘ज्योति कलश छलके’. लग्नाआधी पुण्यात त्या ते काळी चारमध्ये सहज गात असत. आता वय बहात्तर. पहिल्याच सरावात वरच्या स्वरावर आवाज चिरकला आणि लांबलेली ओळ संपण्याआधीच श्वास संपला.

सून काळजीने म्हणाली, “आई, थोडं जलद म्हणूया का? श्वास पुरेल तुम्हाला.”

नातवाने लगेच की-बोर्डवर झटपट ठेका लावला. आजींनी वही मिटली. “दुसरं कोणी गाऊ दे,” एवढेच बोलून त्या खोलीत निघून गेल्या. रात्री जेवतानाही त्या गप्पच होत्या. सुनेला वाटले, आपण मदत करायला गेलो आणि आईंना दुखावले. आजींना वाटले, या घराला आता आपल्या संथपणाचा कंटाळा आला आहे.

झोपण्यापूर्वी सून दुधाचा पेला घेऊन आली. “आई, रागावलात?”

“रागावले नाही गं. पण धावत येणारी पहाट तू कधी पाहिलीस का?” आजी म्हणाल्या आणि मग त्यांची कळी खुलली.

हे गाणे १९६१ च्या ‘भाभी की चूड़ियाँ’ या चित्रपटातले. दिराला पोटच्या मुलासारखे वाढवणाऱ्या वहिनीची ती कथा. मूळ मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’ १९५३ चा. दोन्हींचे संगीत सुधीर फडके यांचे. गाण्यात मुख्यतः पाचच स्वर, सा, रे, ग, प, ध. कोणी त्याला भूप म्हणतात, कोणी देशकार. स्वर तेच, पण भूपात गंधाराला मान आणि देशकारात धैवताला. भूप रात्रीचा, तर देशकार सकाळचा. या पाच स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचे अंतर येत नाही. म्हणून त्यात हुरहुर कमी, मोकळेपणा जास्त. लतादीदींनी प्रत्येक स्वर सावकाश उजळू दिला आहे. तेच स्वर जलद म्हटले, तर आनंदाचे गाणे होईल, पण उजाडणार नाही.

“आणि शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे,” आजी म्हणाल्या. “‘विविध भारती’ हे नावही त्यांनीच सुचवलेलं.”

“नरेंद्र शर्मा? ते तर आमच्या खुर्ज्याजवळच्या जहाँगीरपूरचे!” सून एकदम म्हणाली. तिचे माहेर खुर्ज्याचे. जहाँगीरपूर पूर्वी बुलंदशहर जिल्ह्यात होते. १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर हा नवा जिल्हा झाला, त्यात आता नोएडाही आहे आणि जहाँगीरपूरही.

आजी हसल्या. “म्हणजे शब्द तुझ्या माहेरचे आणि चाल माझ्या माहेरची!”

दाराशी उभा असलेला नातू तेवढ्यात म्हणाला, “आजी, वेग तोच ठेवू. सूर खाली आणला तर?” त्याने की-बोर्डवर तीन अर्धस्वर उतरवले. काळी चारची पांढरी चार झाली. सगळे स्वर एकाच मापाने खाली आल्यामुळे त्यांच्यातली अंतरे जशीच्या तशी राहिली. आजींनी हलकेच स्वर लावून पाहिला. वरचा षड्ज आता हाताच्या अंतरावर होता. राहिला श्वासाचा प्रश्न. तो सुनेने सोडवला. जिथे आजींचा श्वास संपेल, तिथे ओळ तिने उचलायची.

दिवाळीच्या पहाटे सभागृहात दोघी शेजारी बसल्या. एका लांब स्वरावर आजी थांबल्या आणि सुनेने तो अलगद पुढे नेला. सांधा कुठे जुळला, हे ऐकणाऱ्यांना कळले नाही. त्या दोघींना मात्र कळले होते.

वय झाले की पट्टी उतरते, त्यात कमीपणा नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना घाई करायला सांगण्याआधी, आपणच त्यांच्या पट्टीत सूर लावून पाहायला काय हरकत आहे?