यादीतून खोडलेलं एक नाव

‘ओपेनहायमर’ सिनेमाचा २०२३ साली केवढा गाजावाजा झाला! पुढच्या वर्षी सात ऑस्कर मिळाले, तेव्हा मुलांनी आम्हालाही टीव्हीसमोर बसवलं. तीन तासांचा सिनेमा. त्यातलं भराभर बोललेलं इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या चाचणीला मात्र घर चिडीचूप. आधी नुसता उजेड. आवाज मागाहून येतो.

पण आम्ही हललो ते दुसऱ्याच प्रसंगाने. बॉम्ब कुठे टाकायचा यावर साहेबलोकांची बैठक चालली आहे. यादीत बारा शहरं. युद्धमंत्री स्टिमसन म्हणतात, बारा नव्हे, अकरा, क्योटो वगळलंय. जपानी लोकांना ते शहर मोलाचं. शिवाय लग्नानंतर साहेब बायकोसह तिथे फिरायला गेले होते!

आम्ही वीस वर्षं ऑफिसात याद्या करतोय. एक नाव खोडलं की दुसरं वर सरकतं, हे कारकुनाला शिकवावं लागत नाही. क्योटो गेलं आणि प्रत्यक्षातल्या यादीत नागासाकी आलं. ९ ऑगस्टला तिथे बॉम्ब पडला.

काम सर्वांचं झकास, प्रश्नच नाही. पण हिरोशिमाचे फोटो दाखवतात तेव्हा ओपेनहायमर मान फिरवतो, आणि कॅमेराही त्याच्याच तोंडावर राहतो. एकट्या हिरोशिमात १९४५ अखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

“पप्पा, ती माणसं कधी दाखवणार?” धाकटीने विचारलं.

तोवर पडद्यावर नावं सुरू झाली होती.