उपवास कशाचा?

आमच्या श्रीरामपूर भागात गव्हाच्या ओंब्या भरू लागल्या, की आम्हा ख्रिस्ती घरांतून उपवासकाळाची चाहूल लागते. कुणाच्या घरी श्रावण पाळतात, कुणाकडे रमजानचे रोजे असतात, तसाच हा आमचा चाळीस दिवसांचा नेम. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात. पण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, म्हणून मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात. फादर ती कपाळी लावतात आणि माणूस मातीचा आहे, मातीतच जायचा आहे, हे सांगतात. शेतकऱ्याला ते कळायला वेळ लागत नाही. कळून वळायला मात्र लागतो. माझेच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत भंडारदऱ्याचे पाणी कालव्याला सुटले होते. रात्रीची पाळी माझ्या थोरल्या भावाची होती. त्याचा तासभर बाकी असतानाच मी चारी फोडली आणि पाणी माझ्या वावरात वळवले. त्याच्या गव्हाचा खालचा कोपरा कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी बांधावर शब्दाने शब्द वाढला आणि आमचे बोलणे बंद झाले.

महिन्याभरात उपवासकाळ आला. मी राख लावून घेतली. आईच्या शिस्तीप्रमाणे घरात मटण-मासळी बंद झाली. मी तर चहाही सोडला. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जाऊन चौदाही स्थानांपुढे गुडघे टेकले. मनात म्हटले, यंदाचा उपवास चांगला घडतो आहे.

अशाच एका शुक्रवारी रात्री आई ताटात भाकरी वाढताना म्हणाली, “मटण सोडलंस, चहा सोडलास. दादाशी बोलणं सोडलंस, ते कधी धरणार?”

मी म्हणालो, “चूक काय माझ्या एकट्याचीच आहे?”

“त्याची कोणती, ती सांग.”

मला सांगता येईना. भाकरी तशीच राहिली. रात्री पडल्या पडल्या प्रभूचे डोंगरावरचे प्रवचन आठवले. वेदीपाशी दान आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे ध्यानात आले, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असे त्यात आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्यातला भाऊ माझ्याच बांधापलीकडे राहतो, हे त्या रात्री उमगले.

सकाळी दादाच्या गव्हाची कापणी चालू होती. मी विळा घेऊन गेलो आणि त्याच्या शेजारची पात धरली. थोड्या वेळाने म्हणालो, “दादा, पाणी मी फोडलं. चूक माझी.”

तो थांबला नाही. “आधी तो कोपरा बघून ये,” एवढेच म्हणाला.

मी जाऊन ओंबी चोळली. हातात चिमलेले दाणे आले. संध्याकाळी माझ्या खळ्यावरचे एक पोते त्याच्या ओट्यावर नेऊन टाकले. वहिनी नको म्हणाल्या. दादा म्हणाला, “राहू दे. हिशेबाचं ते हिशेबाला. पुढच्या पाळीला घड्याळ घेऊन तूच चारीवर बस.”

गळाभेट झाली नाही, की डोळ्यांत पाणी आले नाही. पण ईस्टरच्या दिवशी चर्चमधून आम्ही दोघे आईकडेच जेवायला गेलो, आणि पुढच्या पाळीला मी खरोखरच घड्याळ घेऊन चारीवर बसलो.

तेव्हापासून उपवासकाळ आला, की यंदा काय सोडायचे हे मी ठरवतोच. पण कुणाचे देणे राहिले आहे, कुणाशी अबोला आहे, हे आधी आठवून पाहतो. उपवास कोणत्याही धर्माचा असो, नुसत्या पोटाचा केला तर तो बांधाच्या अलीकडेच राहतो.