दांड्यावरचे डोळे

११ ऑक्टोबर
भाचा सावंतवाडीहून आला तो खिशात बाटली घेऊनच. पोफळीच्या बागेतल्या व्हाळाकाठी, ओल्या पानांवर मिळाली म्हणे. "मामा, हिचे डोळे बघ." डोक्याच्या दोन्ही अंगांना आडवे दांडे, टोकांना तांबूस डोळे. शेजारचे काका मुंगी म्हणून मोकळे झाले. पण पंखांची जोडी एकच, तिच्यामागे दोन संतोलक, म्हणजे माशीच. बाटलीत घरातलं पातळ सॅनिटायझर ओतलेलं. चालेल, अल्कोहोलच ते.

१२ ऑक्टोबर
असे डोळे दिसले की डायॉप्सिडी लिहून टाकायला हात शिवशिवतात. पण नुसत्या डोळ्यांवरून कूळ ठरत नाही. न्यू गिनीतल्या अकिअस माश्यांचे डोळेही दांड्यांवरच, त्यांचं कूळ मात्र प्लॅटिस्टोमॅटिडी. त्या कुठल्या कोकणात यायला, असं म्हणून सुटका नाही: हिमालयातल्या पेल्मॅटॉप्सचं रूपही तसंच, आणि ती चक्क फळमाशीच्या कुळातली.

म्हणून शृंगिका बघायच्या. त्या दोघींच्या शृंगिका चेहऱ्याच्या मध्यावर जवळजवळ असतात, डोळे तेवढे लांब गेलेले. डायॉप्सिडीत डोळ्यांबरोबर शृंगिकाही दांड्यावर जातात.

रात्री माशी टिपकागदावर सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. चेहऱ्याचा मध्य साफ मोकळा. डाव्या दांड्यावर, डोळ्याच्या जरा अलीकडे, आखूड शृंगिका आणि तिचा बारीक केस. उजवीकडेही तेच. पुढच्या पायांच्या मांड्या जाड, आणि वक्षाच्या मागच्या टोकाला दोन लांब काटे. आता शंका नाही.

१३ ऑक्टोबर
दिवसभर कॉलेजात पेपर तपासणी.

१५ ऑक्टोबर
या माश्या आपल्याकडे नवीन नाहीत. वेस्टवुडच्या १८३७ च्या निबंधात कर्नल सायक्सची नोंद आहे: हरिश्चंद्रगडाच्या रानातल्या घळींत, झाडीतून उतरलेल्या उन्हाच्या तिरिपीत त्याने यांचे थवेच्या थवे पाहिले होते. सायकेसी ही प्रजाती त्याच्याच नावाची. पक्षी बघणाऱ्यांना हा सायक्स पाठ असतो. त्याच्या माश्यांचं नाव मात्र कुणी काढत नाही.

भाच्याचा प्रश्न वेगळाच: एवढे दांडे कोषात मावतात कसे? मावतात, कारण तेव्हा ते मऊ आणि दुमडलेले असतात. बाहेर आल्यावर माशी हवा गिळते, ती डोक्यात दाबते, दांडे ताणले जातात आणि मग कडक होतात. त्याला हे पटेना. शेवटी व्हिडिओ दाखवला, तेव्हा गप्प बसला.

१६ ऑक्टोबर
लेबल लिहिलं: ठिकाण, तारीख, व्हाळाकाठ, कूळ डायॉप्सिडी. प्रजातीची जागा कोरी ठेवली. एकाच नमुन्यावरून तिथवर जायची माझी तयारी नाही. काही प्रजातींत नराचे दांडे मादीपेक्षा बरेच लांब असतात, तेव्हा दोन्ही हाताशी हवेत. दिवाळीत भाचा परत जाणार आहे. त्याच्या पिशवीत अल्कोहोलची बाटली आणि दोन रिकाम्या कुप्या टाकल्या आहेत.