बोलक्या भिंतींची गल्ली

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलात, की सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा पूल आणि उताराचे रस्ते सगळेच दाखवतात. तुम्ही मात्र एक सकाळ हट्टानं मागून घ्या आणि मिशन नावाच्या वस्तीत जा. ‘बार्ट’ रेल्वेनं चोविसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं आणि सरळ पूर्वेला चालू लागायचं. दहा-पंधरा मिनिटांत उजव्या हाताला एक अरुंद बोळ लागतो. हीच बामी गल्ली.

बोळ आपल्याकडच्या वाड्यांच्या मागे असतो तसाच. मागची दारं, लाकडी कुंपणं, मोटारी ठेवायच्या खोल्या. पण इथून तिथून सगळं चित्रांनी भरलेलं! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या माणसांची ही वस्ती. आपण कोण, कुठून आलो, हे त्यांनी दारावरच लिहून ठेवलंय म्हणा ना.

सुरुवात झाली १९७२ च्या सुमाराला. पॅट्रिशिया रॉड्रिगेझ आणि ग्रासिएला कारिल्यो या दोघी याच गल्लीत राहायच्या. त्यांच्यासारख्या काही जणींनी मिळून ‘मुहेरेस मुरालिस्तास’, म्हणजे भिंती रंगवणाऱ्या बायका, असा गट काढला. परांचीवर चढून भिंत रंगवणं हे पुरुषांचं काम, असं मानण्याचे ते दिवस! यांनी काढलं काय, तर बाजार, लेकरं, घरातली माणसं. ‘यात लढा कुठाय?’ असं कुणी कुणी विचारलं. बाजार करून घर चालवणं हा लढा नाही, असं आपण तरी म्हणू का? १९७४ साली त्यांनी काढलेलं बाजाराचं मोठं चित्र मात्र आज उरलेलं नाही.

पुढे एल साल्वादोर, ग्वातेमाला, निकाराग्वा इथं युद्ध पेटलं. घरदार सोडून आलेल्यांची दुःखं १९८४-८५ मध्ये वीसहून अधिक चित्रांतून याच गल्लीत उमटली.

आता खरी काळजी वेगळीच आहे. वस्ती नावाजली, तशी घरभाडी आभाळाला टेकली. ज्यांची चित्रं भिंतीवर, त्यांच्यातल्या कित्येकांना बिऱ्हाड हलवावं लागलं. याच वस्तीत चूय कांपूसानो या चित्रकारानं १९८६ मध्ये एक भलीमोठी भिंत रंगवली होती. १९९८ मध्ये तिच्यावर पांढरा रंग फिरवला गेला. चित्रकार तोवर हयात नव्हता. त्याच्या घरच्यांनी दावा लावून नुकसानभरपाई मिळवली. पण चित्र गेलं ते गेलंच.

पाय दुखत नसतील तर अठराव्या रस्त्यावरची ‘विमेन्स बिल्डिंग’ही पाहून या. ही इमारत बायकांनी १९७९ मध्ये विकत घेतली, आणि १९९४ मध्ये सात जणींनी तिच्या दोन बाजू खालपासून वरपर्यंत रंगवल्या. त्या सातांत मीरा देसाई हे नाव वाचून आपल्याला बरं वाटतंच. ग्वातेमालाची रिगोबेर्ता मेंचू तिथं आहे, देशोदेशींच्या कापडांची नक्षी आहे, आणि त्या नक्षीत गुंफलेली शेकडो बायकांची नावं आहेत. नावं वाचता वाचता मान अवघडते, पण खाली घ्यावीशी वाटत नाही.

जाताना सपाट चपला घाला, अंगावर स्वेटर असू द्या. तिथला वारा बोचरा. आणि गल्लीत माणसं राहतात हे विसरू नका. दारं-खिडक्यांतून डोकावू नका, चित्रांना हात लावू नका.

भिंत बोलकी करणं आपल्याला काही नवं नाही. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, तो काय वेगळा? तेव्हा परत आल्यावर एक करा. आपल्या आळीची भिंत रंगवायची झाली, तर तिच्यावर कुणाकुणाची नावं घालायची, हे दुपारी सासूबाईंना, शेजारच्या काकूंना विचारा. सुईण, पोळ्या लाटून मुलं शिकवणारी, पुरात सगळ्यांना घरात घेणारी... यादी करून ठेवा. भिंत मिळेल तेव्हा मिळेल; नावं आज विचारली नाहीत, तर उद्या सांगायला कोण उरणार?