नाव ठेवण्याआधी

मत्स्यटाकीचा फिल्टर उघडला की तपकिरी गाळात कधी एखादा अनोळखी जीव सापडतो. मग एक तर त्याला घाण समजून नळाखाली धरलं जातं, नाहीतर सुचेल ते पहिलं नाव देऊन माणूस मोकळा होतो. मला दुसरी घाई अधिक धोक्याची वाटते. धुतलेला गाळ पुन्हा साठतो, पुन्हा पाहता येतो. चुकीचं नाव पाहणंच थांबवतं. १८८३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे फ्रान्झ आयल्हार्ड शुल्त्स यांना समुद्री मत्स्यालयाच्या काचेवर एक चपटा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा जीव सरकताना दिसला. ना तोंड, ना पोट, ना मज्जातंतू. त्यांनी त्याला ट्रायकोप्लॅक्स म्हटलं. १९०७ मध्ये ही जेलीफिशच्या जातकुळीतल्या एका प्राण्याची अळी ठरवली गेली आणि अनेक दशकं तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. अखेर १९७१ मध्ये कार्ल ग्रेल यांनी याच जिवासाठी प्लॅकोझोआ हा प्राणिसृष्टीतला स्वतंत्र संघ मांडला.

कुणी म्हणेल, मासे पाळणाऱ्याला वर्गीकरणाशी काय देणंघेणं? मासे धडधाकट असले म्हणजे झालं. पण ओळख पटवायची ती माशांसाठीच. नळीला चिकटलेलं फांद्याफांद्यांचं तपकिरी जाळं शेवाळ म्हणून खरवडण्याआधी टाकीच्याच पाण्यात, वाटीत ठेवावं आणि भिंग धरावं. पाणी स्थिरावलं की फांदीच्या टोकातून पारदर्शक तंतूंचा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा तुरा हळूच उमलतो. धक्का लागताच आत ओढला जातो. हा ब्रायोझोआ, पाण्यातले कण गाळून जगणारा निरुपद्रवी जीव. त्याला रोग समजून औषध ओतलं, तर मेलेली वसाहत सडून पाण्यात अमोनिया वाढेल.

सगळंच भिंगाखाली उलगडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. अमोनियाचं नायट्राइट एक जिवाणू करतो आणि नायट्रेट दुसरा, असं शतकभर मानलं गेलं. दोन्ही कामं एकटाच करणारा नायट्रोस्पिरा २०१५ मध्ये जगापुढे आला. त्याचा एक ठिकाणा मत्स्यसंवर्धनाचा फिल्टरच होता. म्हणून ओळख अर्धी असेल तिथे नावही अर्धंच ठेवावं: ‘ब्रायोझोआ, जात अज्ञात’. यात कमीपणा नाही. घरच्या बाळाचं बारसंही आपण बाराव्या दिवशी करतो. गाळातल्या या जिवाला तेवढे दिवस तरी द्यावेत.