तिसरा रकाना

परवा कपाट आवरताना बागेची जुनी वही हाती लागली आणि आवरणं तिथंच थांबलं.

निवृत्तीनंतर शेजारपाजारचे लोक झाडांबद्दल विचारायला येऊ लागले, तेव्हा ही वही सुरू केली. शाळेतली सवय, दुसरं काय! पहिल्या रकान्यात तारीख आणि तक्रार, दुसऱ्यात मी काय सांगितलं ते. 'कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी : लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे. हातानं वेचा, औषध नको.' वाचताना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. मग जून २००९ चं पान आलं.

आमच्या गल्लीतल्या एक काकू आल्या होत्या. "बाई, संत्र्याचं झाड वाऱ्यानं हलून राह्यलं जी." मी ऐटीत सांगितलं, 'खोडाशी मातीची चांगली भर द्या, आळं भरून पाणी द्या.' तसंच वहीत लिहिलंही.

तीन वर्षांनी हळदीकुंकवाला गेले तर अंगणात नुसता बुंधा. खोडातून डिंक आला, साल फाटली, पानं पिवळी पडली आणि झाड गेलं. काकू मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

मग अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारलं. आपल्याकडचं संत्र्याचं कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. तो जोड जमिनीच्या वीतभर तरी वर उघडा राहायला हवा. मी तो मातीत पुरायला सांगितला होता! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ओल्या सालीत बुरशी शिरते. यालाच डिंक्या म्हणतात. पाणी दुहेरी आळ्यात द्यायचं, म्हणजे खोडाभोवतीचं आतलं आळं कोरडं आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचं. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडाला मोरचूद खातं.

काकूंकडे जाऊन चूक कबूल केली. "जाऊ द्या जी, चार वर्षं खाल्ली ना संत्री," म्हणाल्या. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

घरी येऊन वहीत तिसरा रकाना आखला : पुढे काय झालं. काकूंच्या नोंदीपुढे लिहिलं, 'झाड गेलं. चूक माझी.' मग मागची पानं चाळली. हाच सल्ला आणखी दोन घरी दिलेला सापडला. वही नसती तर मला आठवलंही नसतं.

एका घरी लगेच गेले. भर उकरली तर जोडापाशी डिंक नुकता दिसू लागला होता. सडलेली साल खरवडून मलम लावलं. ते झाड वाचलं, पुढे आंबिया बहाराची पिशवीभर संत्रीही त्यांनी आणून दिली.

दुसऱ्या घराच्या जागी फ्लॅट उभे होते. मंडळी पुण्याला गेली म्हणे. तो रकाना अजून रिकामाच आहे.