मिरजेची वाट

मोठं दुखणं आलं की जत, आटपाडी, खानापूरकडची माणसं मिरज गाठत. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून ही वाट पडली. साताऱ्याकडच्यांना पुढं कराड जवळचं झालं. बायका मात्र ही वाट फार उशिरा धरत. अंगावरून पांढरं जातंय, पाळी जाऊन वर्षं झाली तरी लाल दिसतंय, हे घरात बोलायची सोयच नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत गर्भाशयमुखाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेला असायचा.

तपासणी नव्हती असं नाही. लाकडी चपट्या काडीनं पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, ती शहरातल्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायची आणि रिपोर्टची वाट बघायची. तोवर बाई सुगीला लागलेली. रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून ती परत कशाला येते? कितीतरी बायका या वाट बघण्यानंच नेल्या. एक मात्र होतं. गावातली नर्सबाई ओळखीची असायची. जिनं बाळंतपण केलं, तिच्यापुढं लाज वाटत नसे.

आता आरोग्य केंद्रात सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलाच आंबट घटक, लावतात. मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी दिसते. टाटा मेमोरियलनं 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी ही तपासणी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण नुसती सूज असली तरी जागा पांढरी होते आणि तपासणाऱ्या दोघींची नजर सारखी नसते. इथं कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीजचं ‘स्मार्ट स्कोप’ हातात मावतं. ते गर्भाशयमुखाचा फोटो काढतं आणि संगणक धोक्याचा अंदाज तिथल्या तिथं सांगतो. बाई टेबलावरून उतरायच्या आत उत्तर मिळतं, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

अशा यंत्राचा 2019 मधला गाजलेला प्रयोग कोस्टारिकातल्या नऊ हजारांहून अधिक बायकांच्या जुन्या फोटोंवर झाला होता. म्हणून माण-खटावच्या, जतच्या बायकांवर आणि आपल्याकडच्या कॅमेऱ्यांवर अशा यंत्राची पारख व्हायलाच हवी. आणि यंत्र नर्सबाईच्या हातात असावं, तिच्या जागी नको.

तिशी ओलांडलेल्या आयाबहिणींनो, सरकारी कार्यक्रमात ॲसिटिक ॲसिडची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. काही दुखत नसतानाच जाऊन या.